वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरात, डब्यात, गाडीत काय हाताशी ठेवायचं? (नागपूरचा उन्हाळा धरून)

#१ | धंतोली_वरणभात

स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग काढून नळीसारखं पोट ठेवतात) झाली असो, बायपास (पोटाची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात) असो की मिनी बायपास (त्याचाच सोपा प्रकार), पहिल्या दोन महिन्यांत जास्त खाल्ल्यामुळे फसणारे कमी असतात. वेळेला योग्य वस्तू हाताशी नसल्यामुळे फसणारे जास्त. घोटभर पाणी प्यायचं राहून जातं, दुपारी चक्कर येते, मग घरात जे दिसेल ते तोंडात जातं: पाव, बिस्कीट, कालचा भात. पाव आणि भात नेमके अडकणारे पदार्थ. म्हणून हा धागा फक्त तयारीवर ठेवू. कुठली शस्त्रक्रिया चांगली, कोणता दवाखाना चांगला, हे इथे नको.

आधी माप समजून घ्या. बायपासनंतरची पिशवी साधारण ३० मिलीची असते, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. स्लीव्हनंतरचं पोट १०० ते १५० मिलीचं, पण सूज असेपर्यंत तेही तितकं घेत नाही. या जागेतून दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी आणि किमान ६० ग्रॅम प्रथिनं आत गेली पाहिजेत. ते एका बैठकीत जमत नाही, म्हणून दिवसभर थोडं थोडं, आणि त्यासाठी वस्तू हाताच्या अंतरावर.

टप्पे सगळीकडे थोडे वेगळे सांगतात. तुमच्या सर्जननं दिलेला कागद अंतिम माना. ढोबळ क्रम असा: पहिले एक-दोन दिवस पारदर्शक पातळ, मग साधारण दोन आठवडे सगळं पातळ, पुढचे दोन आठवडे गाळलेलं-घोटलेलं, मग सहाव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत मऊ, त्यानंतर नेहमीचं. पुढचा टप्पा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी त्याचं सामान घरात आलेलं असावं. त्या सकाळी बाजारात पळायची वेळ येऊ देऊ नका.

पाण्यापासून सुरुवात करते, कारण दवाखान्यात परत भरती व्हावं लागण्याचं एक मोठं कारण पाणी कमी पडणं हेच आहे.

पहिल्या आठवड्यात ३० मिलीचं मापाचं झाकण भरा आणि ते १५ मिनिटांत संपवा. तासाला चार झाकणं, म्हणजे १२० मिली. जागेपणीचे १४ तास धरले तर १६८० मिली होतात. एकदम घोट घेतला तर छातीच्या मधोमध कळ येते, तोंडाला पाणी सुटतं, उलटी होते. ती कळ आली की थांबायचं, १० मिनिटांनी पुन्हा छोटा घोट. स्ट्रॉ नको, त्यातून हवा आत जाते. सोडा, कोल्ड्रिंक नको.

#२ | कूलरसमोर

ताई, हिशोबात एक गोष्ट सुटते. घन खाणं सुरू झालं की जेवताना पाणी बंद आणि जेवणानंतर ३० मिनिटं बंद. एक जेवण २०-३० मिनिटं चालतं. म्हणजे प्रत्येक खाण्यामागं एक तास बिनपाण्याचा. दिवसात पाच वेळा खाल्लं तर १६ तासांतले ५ तास गेले, उरले ११. त्या ११ तासांत १६०० मिली बसवायचं म्हणजे तासाला साधारण १४५ मिली. १२० च्या चालीनं चालणारा माणूस दुसऱ्या महिन्यात रोज पाव लिटरच्या वर मागं पडतो आणि त्याला कळतही नाही.

सोपी युक्ती. ५०० मिलीच्या तीन बाटल्या घ्या, पांढऱ्या चिकटपट्टीवर वेळ लिहून लावा: पहिली ११ वाजता संपलेली, दुसरी ४ वाजता, तिसरी ९ वाजता. रात्री उठलात तर जवळ वेगळी २०० मिलीची. एकच मोठी बाटली ठेवली की दुपारी चारपर्यंत अर्धी शिल्लक राहते आणि मग संध्याकाळी घाई होते. घाईत प्यायलं की उलटी.

लघवीचा रंग रोज पाहा. फिकट पिवळा ठीक. गर्द पिवळा, डोकं जड, उठताना अंधारी, बद्धकोष्ठ: पाणी कमी.

#३ | महाल_इतवारी

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते. त्यात कूलर चालू असला की घाम अंगावर दिसतच नाही, लगेच सुकून जाते. माणसाला वाटते घाम आलाच नाही, मंग पाणी कशाला? कूलरसमोर बसलेल्यालेही तेवढंच पाणी प्या लागते.

माठाचं पाणी चालते का? की फ्रीजचं?

#४ | धंतोली_वरणभात

माठाचं उत्तम. अगदी बर्फगार पाण्यानं काहींना पोटात मुरडा येतो, काहींना कोमटच जातं, काहींना उलट गारच जातं. शस्त्रक्रियेनंतर चव बदलते. कालपर्यंत आवडणारं साधं पाणी कडू किंवा धातूसारखं लागू शकतं. म्हणून पाण्याचे तीन-चार प्रकार तयार ठेवा: माठाचं साधं, चिमूटभर जिरं उकळून गाळलेलं, वाळ्याची जुडी टाकलेलं, लिंबाचे चार थेंब आणि किंचित मीठ घातलेलं. एक तोंडाला आलं तर दुसरं.

माठाबद्दल एकच काळजी. माठ कमरेच्या उंचीवर हवा आणि त्याला तोटी हवी. आणि २० लिटरचा जार स्वतः उचलायचा नाही, तो २० किलोचा असतो. पोटावर जखमा असताना पहिले काही आठवडे ते वजन उचलणं हर्नियाला बोलावणं आहे. घरातल्या कुणीतरी सकाळीच जारमधून बाटल्या भरून ठेवायच्या.

#५ | सदर_औषधी

ओआरएसबद्दल लिहितो, कारण यात चुका फार होतात.

१) मोठं पाकीट साधारण २१ ग्रॅमचं असतं आणि ते १ लिटर पाण्यासाठी असतं. लहान ४.२ ग्रॅमचं, ते २०० मिलीसाठी. मोठं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं की साखर आणि मीठ दोन्ही दुप्पट होतात. बायपासवाल्याला त्यानं डम्पिंग होऊ शकतं: पोटात कळ, धडधड, घाम, जुलाब. म्हणजे पाणी भरून काढायला गेलो आणि उलट गमावून बसलो. बॅगेत लहान पाकिटंच ठेवा, २०० मिलीचं माप चुकत नाही.

२) पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलेलं पाहा. त्यात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. तयार डब्यांतली फळांच्या चवीची गोड पेयं वेगळी. अशा पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली. घरात जुना साठा असेल तर मागची साखर वाचा.

३) विरघळवलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर टाका. रोजचं पाणी म्हणून ओआरएस पिऊ नका. जुलाब, उलटी, उन्हातून आल्यावर, एवढ्यासाठीच.

४) रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर उन्हाळ्यात पाणी झपाट्यानं कमी होतं. शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब आणि साखर दोन्ही उतरतात, जुना डोस जास्त होतो. गोळी स्वतः बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय जुनी चिठ्ठीही चालू ठेवू नका.

#६ | गोकुळपेठ_स्वयंपाक

आता खाण्याकडे येऊ. पातळ आहारात घरोघरी दिलं जातं ते डाळीचं पाणी, भाताची पेज, साबुदाण्याची लापशी. कळकळीनं देतात, पण या तिन्हींत प्रथिनं जवळजवळ नाहीत. डाळीचं वरचं निवळ पाणी म्हणजे मीठ, हळद आणि थोडा स्टार्च. प्रथिनं खाली बसलेल्या डाळीत असतात. म्हणून डाळ घोटून गाळा, निथळू नका.

मुगाचं घोटलेलं वरण: ५० ग्रॅम मूगडाळ (सपाट पाव वाटी), ३०० मिली पाणी, हळद, किंचित हिंग. कुकरला चार शिट्ट्या, वाफ जिरल्यावर मिक्सरला फिरवून बारीक चाळणीतून गाळा. पातळ टप्प्यात चमच्यावरून सहज ओघळलं पाहिजे, गाळलेल्या टप्प्यात चमच्यावर राहिलं पाहिजे. पन्नास ग्रॅम डाळीत १२ ग्रॅम प्रथिनं. ते सगळं वरण दिवसभरात संपलं तरच १२, एका वेळेच्या ६० मिलीत दोन-अडीच ग्रॅमच जातात. हे लक्षात आलं की एकट्या वरणावर ६० ग्रॅम का होत नाहीत ते कळतं.

आकडे पाठ असलेले बरे (सगळे अंदाजे):

अंडं एक, ६. पनीर ६० ग्रॅम, ११. चक्का ६० ग्रॅम, ४-५. गाईचं दूध १५० मिली, ५. त्यात सायीविरहित दूध पावडर दोन मोठे चमचे, आणखी ५. कोरडे सोया ग्रॅन्युल्स १५ ग्रॅम, साडेसात. शिजलेला चिकन खिमा ५० ग्रॅम, १३ ते १५. व्हे पावडरचा (दुधाच्या निवळीपासून केलेली प्रथिनांची पावडर) ३० ग्रॅमचा एक स्कूप, २२ ते २५. आणि पातळ ताक २०० मिली, जेमतेम दीड-दोन.

दीड महिन्यानंतरचा शाकाहारी-अंडं दिवस असा बसतो: पावडर घातलेलं दूध १०, अंडं ६, पनीर भुर्जी ११, व्हेचा एक स्कूप दोन वेळांत वाटून २४, दाट वरण ४, सोया ७, रात्री चक्का ५. झाले ६५ च्या वर. अंडं चालत नसेल तर तिथे आणखी ४० ग्रॅम पनीर.

#७ | सक्करदरा_३१

चक्का घरी लावताना उन्हाळ्यात आंबट होऊन जाते. काऊन?

#८ | गोकुळपेठ_स्वयंपाक

बाहेर टांगता म्हणून. दही आधीच पूर्ण लागलेलं असतं, ४० अंशांच्या स्वयंपाकघरात चार तासांत ते अजून आंबतं. गाळणीवर पंचा अंथरा, खाली पातेलं, वर झाकण आणि सगळं फ्रीजमध्ये ६ ते ८ तास. अर्धा लिटर दह्याचा २०० ग्रॅमच्या आसपास चक्का होतो. निवळी फेकू नका, ताकात किंवा वरणात घाला. आंबट चक्क्यानं काहींची छाती जळते, त्यावर साखर घालून श्रीखंड करायचा मोह होतो. तो नको. वेलची आणि भाजलेल्या जिऱ्यानं भागवा.

गोठवून ठेवण्याबद्दल. बर्फाच्या ट्रेचा एक चौकोन साधारण २० ते ३० मिलीचा असतो. घोटलेलं वरण, दुधी-मूग, गाळलेला खिमा ट्रेत ओता, गोठले की पिशवीत काढा, तारीख लिहा. दोन-तीन चौकोन म्हणजे एक जेवण, तोललेलं. महिन्याभरात संपवा. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा, गरम करताना वाफ निघेपर्यंत तापवा आणि मग निववा. वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. दिवसभर वीज गेली आणि चौकोन मऊ झाले तर टाकून द्या, पोटावर टाके असताना विषबाधा परवडणारी नाही.

पनीर गोठवलं की रवाळ होतं. कोमट पाण्यात १० मिनिटं ठेवून कुस्करा, भुर्जीला चालतं. तळलेलं पनीर मात्र रबरासारखं होतं आणि नेमकं अडकतं.

#९ | बुटीबोरी_पाळी

कारखान्यात रात्रपाळी असेल तर काय न्यावं? बाराला जेवण सुटते, वीस मिनिटात डबा संपवा लागते. गरम करायची सोय असते, फ्रीज नसते. लाईनवर बाटली नेऊ देत नाहीत, बाहेर टेबलावर ठेवा लागते.

#१० | कूलरसमोर

भाऊ, वीस मिनिटांत तीन मोठे चमचेच नीट जातील असं धरून चाला आणि उरलेलं दोन छोट्या विश्रांतींत वाटा.

डबा: १०० मिलीच्या घट्ट झाकणाच्या दोन डब्या. एकीत पनीर भुर्जी किंवा खिमा, थोडा रस्सा असलेला. कोरडं झालेलं चिकन दुसऱ्यांदा गरम केलं की त्याचे धागे होतात, ते पिशवीच्या तोंडाशी बसतात. दोन चमचे वरण किंवा दही त्यात कालवूनच न्या. दुसरीत चक्का, पण तो पाळी सुरू होताच पहिल्या दोन तासांत. खोली ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर एका तासात.

फ्रीज नसेल तर २०० मिली ताकाची बाटली रात्रभर गोठवा आणि डब्याशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून इन्सुलेटेड पिशवीत ठेवा. ती आधी बर्फाचं काम करते आणि तीन-चार तासांनी वितळली की प्यायला होते. बाटली काठोकाठ भरू नका, दोन बोटं रिकामी सोडा, नाहीतर फुटते.

व्हे घरून मिसळून नेऊ नका. उन्हाळ्याच्या तापमानात दोन तासांत वास मारतं. १५ ग्रॅम कोरडी पावडर छोट्या डबीत, रिकामा शेकर वेगळा, तिथेच १५० मिली पाणी घालून हलवा. फेस येतो, तो बसू द्या, ५ मिनिटं. फेसासकट प्यायलं की पोटात हवा. आणि गरम पाण्यात घातलं तर गुठळ्या होतात. साधारण ६० अंशांच्या वर व्हे फाटतं. वरणात किंवा सुपात घालायचं असेल तर आधी दोन चमचे गार पाण्यात कालवा, गॅस बंद करून बोट बुडवता येईल इतकं निवल्यावर मिसळा.

बाटली टेबलावर राहणार असेल तर पाळीच्या आधीच्या दोन तासांत ३०० मिली प्यायलेलं असलं पाहिजे. टेबलाजवळून जाल तेव्हा प्रत्येक वेळी तीन छोटे घोट. वरिष्ठांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तर तासाला दोन मिनिटं मिळायला अडचण येऊ नये, ती आधीच मागून घ्या.

#११ | महाल_इतवारी

सातूचं पीठ कसं राहीन? मस्कासाथात सगळं सुटं भेटते.

#१२ | गोकुळपेठ_स्वयंपाक

दोन वेगळ्या वस्तूंना आपण सातू म्हणतो. बिहारकडचा सत्तू नुसत्या भाजलेल्या हरभऱ्याचा, १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. आपल्याकडचं सातूचं पीठ गहू आणि फुटाण्याची डाळ मिळून, त्यात प्रथिनं कमी, आणि वर गूळ-दूध घालायची पद्धत. गूळ घातलेलं सातू बायपासनंतर टाळा.

फुटाण्याची डाळ सुटी आणा, सालं नसलेली, मिक्सरला दळा, मैद्याच्या चाळणीनं चाळा. दोन मोठे चमचे (२० ग्रॅम) गार ताकात, भाजलेलं जिरं, सांभार (कोथिंबीर) बारीक वाटून गाळलेला. ४ ग्रॅम प्रथिनं डाळीची, दीड ताकाची. हे गाळलेल्या टप्प्यापासून पुढे. पातळ टप्प्यात नको, तळाशी साका बसतो. गॅस झाली तर प्रमाण अर्धं करा.

अख्खे फुटाणे तीन महिन्यांनंतरच, एकेक दाणा पीठ होईपर्यंत चावून. गाडीत, पर्समध्ये ठेवायला ते चांगले, उन्हानं बिघडत नाहीत.

#१३ | सक्करदरा_३१

संत्र्यांचं काय? घरी टोपली भरून असतात. आन् उन्हाळ्यात आमरस, उसाचा रस.

#१४ | धंतोली_वरणभात

संत्र्याबद्दल नीट लिहिते, कारण नागपुरात हे टाळता येत नाही.

संत्र्याच्या फोडीचं पातळ पांढरं आवरण पचत नाही. एरवी पोट ते दळून पुढे ढकलतं. शस्त्रक्रियेनंतर आम्ल कमी, दळण्याची ताकद कमी, वाट अरुंद. ती आवरणं साचून त्यांचा गोळा होऊ शकतो आणि तो कधीकधी दुर्बिणीनं काढावा लागतो. म्हणून फोड सोलायची, आतला गर तेवढा घ्यायचा, आवरण आणि धागे टाकायचे. मऊ आहाराच्या टप्प्यानंतर एका वेळी दोन-तीन फोडी. गवारीच्या शिरा, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, मक्याचे दाणे, याच कारणानं लांब.

रस काढला तर आवरण जातं पण साखर एकत्र येते. ग्लासभर रसात १५ ते २० ग्रॅम साखर असते आणि ती दोन मिनिटांत आतड्यात पोचते. बायपासवाल्यांना १० ते ३० मिनिटांत कळ, घाम, धडधड. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो, साखर उलट खूप खाली जाते: थरथर, घाम, गोंधळल्यासारखं. आमरस आणि उसाचा रस यांची गत तीच. पन्हं करायचं तर गुळाशिवाय, उकडलेली कैरी, सैंधव, जिरं, भरपूर पाणी. साखर नसलेल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या-चॉकलेटांत सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असेल तर जुलाब होतात, तेही वाचून घ्या.

साखर मोजून खरंच ७० च्या खाली आली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि सावरल्यावर लगेच थोडं प्रथिन. वारंवार होत असेल तर डॉक्टरांकडे.

#१५ | सदर_औषधी

गोळ्याही हाताशी ठेवायच्या सामानातच धरा.

कॅल्शियम सायट्रेट घ्या. कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं, ते आता कमी आहे. दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त शोषलं जात नाही, म्हणून दोन-तीन भागांत. लोहाची गोळी त्यापासून दोन तास लांब, चहापासूनही लांब. आठवड्याच्या खणांच्या डबीत सगळं एकाच खणात टाकलं की हीच चूक होते. सकाळ-दुपार-रात्र असे तीन खण असलेली डबी घ्या.

बी-१२ कायमचं. ड जीवनसत्त्व आणि मल्टिव्हिटॅमिनही. गोळी कुटून घेण्याआधी विचारा, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात.

घरातल्या डब्यातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिनच्या वेदनाशामक गोळ्या बाजूला काढा. बायपासच्या जोडावर व्रण होतो. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर तो निर्णय डॉक्टरांचा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल.

गाडीच्या कप्प्यात गोळ्या, व्हे, ओआरएस काहीच कायम ठेवू नका. मे महिन्यात बंद गाडी भट्टी होते.

#१६ | वर्धा_रोड

मुंबईला गाडीनं जायचं तर? समृद्धीवर ७०१ किलोमीटर आहे, मधात थांबे लांब लांब.

#१७ | कूलरसमोर

वाटेत काही मिळणार नाही असं धरूनच निघा. आठ-नऊ तासांसाठी: पाणी दोन लिटर, चार बाटल्यांत, त्यातली एक दरवाज्याच्या कप्प्यात हाताशी. साध्या दुधाचे २०० मिलीचे टेट्रापॅक तीन, न उघडता फ्रीज लागत नाही, प्रत्येकी ६ ग्रॅम प्रथिनं (दूध सोसत नसेल तर सोया दुधाचे, बिनसाखरेचे). व्हेच्या दोन डब्या. पहिल्या दोन तासांसाठी सालासकट उकडलेलं अंडं. ओआरएसची लहान पाकिटं तीन. ३० मिलीचं झाकण. हे सगळं डिकीत न ठेवता आत, एसीच्या हवेत.

दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला, पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. लघवीला थांबायला लागू नये म्हणून पाणी कमी पिणं ही प्रवासातली सगळ्यात मोठी चूक. रेल्वेतही तेच. रात्रीच्या गाडीत उशाशी बाटली हवी, बर्थखालच्या बॅगेत नको.

#१८ | सक्करदरा_३१

लग्नाच्या पंगतीत आणि उपवासाला?

#१९ | धंतोली_वरणभात

निर्जळ उपवास नाही, पहिल्या वर्षात तर अजिबात नाही. साबुदाणा, भगर, आलू यांत स्टार्चच आहे आणि साबुदाण्याचा चिकट गोळा हमखास अडकतो. एकादशीला पनीर, चक्का, दूध, ताक असा दिवस काढता येतो, देवालाही चालतो.

पंगतीला जाताना घरून खाऊन निघा आणि बाटली हातात ठेवा, हातात काही असलं की आग्रह कमी होतो. वाढलंच तर वरणाची वाटी आणि पनीर. तर्री, सावजी रस्सा निदान सहा महिने नको. तिखटापेक्षा त्यावरचं तेल जास्त त्रास देतं. पुरी आणि भात घेतलाच तर शेवटी, प्रथिन संपल्यावर.

#२०| सदर_औषधी

पाकिटात एक कार्ड ठेवा. हातानं लिहिलं तरी चालेल: शस्त्रक्रियेचं नाव आणि तारीख, सर्जनचा फोन, चालू औषधं, कोणत्या वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत, आणि मोठ्या अक्षरात हे वाक्य: "उलट्या चालू असतील तर ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन द्यावं." सतत उलट्या झाल्या की शरीरातलं बी-१ काही आठवड्यांत संपतं. अशा वेळी थायमिनशिवाय ग्लुकोज चढवलं तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो: तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, गोंधळ. रात्री अनोळखी दवाखान्यात नेलं तर हे कार्डच तुमच्यासाठी बोलेल.

घरी थांबू नये अशा गोष्टी कार्डाच्या मागे लिहा. पाण्याचा घोटही २४ तास टिकत नाही, आठ तासांत लघवी नाही, ताप, स्वस्थ बसून नाडी मिनिटाला १२० च्या वर, डाव्या खांद्यात किंवा पोटात वाढत जाणारं दुखणं, काळी शी. पहिल्या महिन्यात यातलं एक जरी दिसलं तरी ओआरएस करत बसू नका, निघा.

#२१ | बुटीबोरी_पाळी

कार्डाचा फोटो मोबाईलच्या लॉक स्क्रीनवर लावला तर चालन का? पाळीवर पाकीट लॉकरमध्ये राहते.

#२२ | सदर_औषधी

लावा, पण कागदाचंही एक ओळखपत्राच्या मागं सरकवून ठेवा, ते गळ्यातच असतं. मोबाईल तुमच्या आधी बंद पडू शकतो. आणि सोबत काम करणाऱ्या एकाला तरी ते कुठे आहे हे सांगून ठेवा.